कोयनेचा साठा छापता, तशी भरतीची वेळही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात तुमच्या पेपरात रोज एक चौकट येते. कोयना धरणात किती टीएमसी, विसर्ग किती क्युसेक, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट. आमच्या विट्याला नदी नाही, टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं तेवढंच. तरी घरात पेपर आला की ती चौकट आधी वाचली जाते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. तशीच एक लहानशी चौकट तुम्ही नोव्हेंबर ते मे दर शुक्रवारी छापावी, यासाठी हे पत्र. गुहागर, रत्नागिरी, मालवण इथे शनिवारी-रविवारी भरती किती वाजता आणि ओहोटी किती वाजता, एवढंच तिच्यात हवं.

सांगली जिल्ह्याला समुद्र कुठला, असं तुमच्या कचेरीत कुणी म्हणेल. आमच्या गावावरून जाणाऱ्या रस्त्याचं नावच गुहागर-विजापूर रस्ता आहे. कडेगाव, कराड, पाटण, कोयनानगर करत तो कुंभार्ली घाट उतरतो, चिपळूण ओलांडतो आणि गुहागरात समुद्रापाशी संपतो. थंडी सुरू झाली की शुक्रवारी रात्री या रस्त्याला उभं राहून बघा. आटपाडीकडून, जतकडून, खानापुरातून भरून आलेल्या ट्रॅव्हलर एकामागे एक पश्चिमेला जात असतात. आत बसलेल्या निम्म्या लोकांना पोहता येत नाही. दुष्काळी तालुक्यातली माणसं पोहायला शिकणार कुठे? विहिरीत पाणी असलं तर पोरं शिकली, आणि बायकांना तर तेही नाही.

मीही त्यातलीच. मालकांचा गलाईचा धंदा, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य तमिळनाडूतल्या एका बाजारपेठेत सोनं गाळायच्या भट्टीशेजारी गेलं. गावी परतल्यावर पहाटे रेणावीच्या रस्त्याने चालणाऱ्यांच्यात सामील झाले. त्याच मंडळींची यंदा माघात गुहागरला एक रात्रीची सहल झाली : किनाऱ्याने पायी चालायचं, एका लॉजवर मुक्काम, दुसऱ्या दिवशी होडी. सहल काढणारा पोरगा गावातलाच. त्याचं नाव लिहीत नाही, कारण पोरगा मनाने वाईट नाही, आणि त्याच्यासारखे प्रत्येक तालुक्यात चार-दोन आहेत. त्याने छापलेल्या कागदावर चहाची वेळ दोनदा होती, पाण्याची एकदाही नव्हती.

शनिवारी चतुर्दशी होती. गुहागरची पुळण मोठी देखणी, वर सुरूचं बन, खाली कठीण वाळू, चालायला डांबरी रस्त्याहून बरी. व्याडेश्वराचं दर्शन घेऊन नऊच्या सुमाराला आम्ही दक्षिणेकडे असगोलीच्या दिशेने निघालो. निघताना वाळूचा पट्टा रुंद होता. तासाभरात तो एवढा आक्रसला की सुरूच्या मुळ्यांना हात लावत चालायची वेळ आली. पुळण संपून काळे खडक लागले तेव्हा पाणी त्या खडकांच्या कडेला येऊन धडकत होतं. "वळसा घालून पलीकडे जाऊ, दहा मिनिटांचं काम," असं आमचा पोरगा म्हणाला. पलीकडे जाळं सावडत बसलेल्या एका बाईने हात हलवून आम्हाला मागे फिरवलं. ती आम्हाला ओळखत नव्हती, आमचं तिच्याकडे काही देणंघेणं नव्हतं. मागे फिरून आम्ही वरच्या वाटेने, घामाघूम होऊन, गाडीपाशी आलो.

नदीकाठच्या माणसाला पाणी वाढतं हे माहीत असतं, पण ते वर पाऊस झाला म्हणून वाढतं, आणि वाढलं की दोन-चार दिवस मुक्कामाला राहतं. समुद्राचं तसं नाही. आभाळ कोरडं, वारा शांत, तरी सहा तासांत पुरुषभर पाणी चढतं आणि पुढच्या सहा तासांत उतरतं. उतरल्यावर दिसणारी खडकातली वाट चढल्यावर नसतेच. शेवाळलेल्या खडकावर साठीच्या बाईचा पाय कसा टिकतो, ते मी सांगायला नको.

संध्याकाळी पाचला कार्यक्रमात हेदवीची बामणघळ होती. उमामहेश्वराच्या देवळामागे खडकाला एक लांब, अरुंद चीर पडलेली आहे. लाट तीत शिरली की पाण्याला पुढे जायला जागा उरत नाही, म्हणून ते सरळ वर उसळतं. फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं होतं. आम्ही गेलो तेव्हा घळीच्या तळाशी थोडं पाणी खळखळत होतं, बाकी कोरडा खडक. दशभुजा गणपतीचं दर्शन तेवढं पदरात पडलं. "सीझन नाही बहुतेक," असं आमच्या पोराने ठोकून दिलं.

मुक्काम वेळणेश्वरला. लॉज साधं, नारळीच्या बागेत, खोल्या स्वच्छ, गरम पाणी बंबाचं. जेवणात तांदळाची भाकरी आणि सोलकढी. आमच्यातल्या एकीने पिशवीतून खर्डा काढला आणि तो लॉजवाल्या वहिनींनाही वाढला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बामणघळीत काहीच नव्हतं म्हटल्यावर त्या हसायलाच लागल्या. "पाचाला कशाला गेलात? सुकती होती." सुकती म्हणजे ओहोटी. मग स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयकडे बघून म्हणाल्या, "उद्या पुनव. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या सुमाराला जा."

हा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. एकदा दिवसा, एकदा रात्री. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, त्याच्यामागून पाणीही तेवढंच उशिरा येतं. मिनिटावर घड्याळ लावून बघाल तर थोडा फरक पडतो, पण सहल आखायला पुरतं. आमच्या कागदावरचा शनिवार या हिशेबाने तपासला : चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे ऐन भरतीला, तेही पुनवेच्या उधाणाच्या आदल्या दिवशी, आम्हाला खडकातून चालवत नेलं होतं आणि ऐन ओहोटीला घळ दाखवली होती. दोन्ही वेळा नेमक्या उलट. सकाळी घळ आणि संध्याकाळी पुळण, एवढी अदलाबदल केली असती तर पैसे तेच, गाडी तीच, डिझेलही जवळपास तेवढंच लागलं असतं.

यातून सहलीवाल्यांच्या कामाची गोष्ट निघते. पौर्णिमा-अमावास्येला या किनाऱ्यावर उधाणाची भरती बाराच्या आत-बाहेर असते आणि ओहोटी पहाटे नि संध्याकाळी. तेव्हा चालायचं ते उजाडताना किंवा उन्हं कलल्यावर. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, आणि ओहोटी भर दुपारी येते. सुट्टी शनिवार-रविवारचीच असते, तिथी काही आपल्याला निवडता येत नाही. पण कार्यक्रमातली वेळ निवडता येते.

रविवारी सकाळी डॉल्फिन बघायला होडी होती, जवळच्याच एका बंदरातून. होडीवाल्याकडे लाइफ जॅकेटं होती, पण माणसांपेक्षा कमी, आणि त्यातल्या काहींचे पट्टे तुटलेले. "जवळच तर जायचंय, बसा," असं दोन्हीकडून सांगणं झालं. इथे मात्र मी आणि माझ्या दोन मैत्रिणी वाळूवरून हललो नाही. आमच्या शेजारच्या पलूस तालुक्यात, ब्रह्मनाळला, ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून माणसं काढणारी बोट उलटली आणि १७ जण गेले. तेही जवळच जायचं होतं. ज्या जिल्ह्याने ते पाहिलं, त्या जिल्ह्यातली माणसं सहा वर्षांत जॅकेटशिवाय हौसेच्या होडीत चढतात, हे मला कळत नाही. थोडी वादावादी झाली. शेवटी होडीवाल्याने निम्मी माणसं एका फेरीत, निम्मी दुसऱ्या फेरीत नेली, प्रत्येकाच्या अंगावर धड जॅकेट. वेळ अर्धा तास जास्त गेला. डॉल्फिन दोन्ही फेऱ्यांना दिसले, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

होडीवाला नंतर माझ्याशी बराच वेळ बोलला, रागावला नव्हता. खाडीच्या तोंडाशी पाणी बाहेर ओढत असताना समोरून वारा सुटला की लाटा जागच्या जागी उभ्या राहतात, म्हणून लहान होडी त्या वेळेला तिथे नेत नाही, असं त्याने सांगितलं. आणि तुमचे लोक येतात ते घड्याळ दाखवत येतात, असंही.

अकराला आम्ही पुन्हा बामणघळीवर होतो. आदल्या दिवशीची तीच कोरडी चीर. लाट आत शिरली की आधी बंदुकीसारखा आवाज, मग पाणी आमच्या डोक्याच्या कितीतरी वर. आम्ही कडेपासून लांब, देवळाच्या बाजूला उभ्या होतो तरी तुषारांनी भिजलो. आमच्यातली एक आजी दर लाटेला हात जोडत होती.

दुपारी तवसाळहून जयगडला जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, गाडीसकट, शास्त्री नदीची खाडी ओलांडली. पलीकडे विजापूरकरांनी बांधलेला जयगड. म्हणजे आमच्या रस्त्याच्या दोन्ही टोकांची गाठ तिथे पडते. परत येताना आंबा घाट.

आता चौकटीविषयी. कोयनेचा आकडा तुम्हाला रोज पाटबंधारे खात्याकडून मिळवावा लागतो. भरती-ओहोटीचा तसा नाही, तो आधीच ठरलेला असतो. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी त्याची कोष्टकं काढतो. हैदराबादचं राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रही अंदाज देतं, शिवाय उंच लाटांचा इशारा असला तर तोही देतं. तो इशारा असेल त्या शुक्रवारी चौकट ठळक करा. मेच्या अखेरीला चौकट बंद केली तरी चालेल, कारण २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी आणि पर्यटनाच्या होड्या बंदच असतात, आणि तोवर तुमची कोयनेची चौकट सुरू झालेली असते. जागाही वेगळी शोधायला नको.

सहलीवाल्यांच्या जाहिराती तुमच्याच पेपरात येतात, त्यांनाही एक विनंती तुमच्यामार्फत पोहोचली तर बरं. कार्यक्रमाच्या कागदावर तारखेशेजारी तिथी छापा, आणि होडीची जॅकेटं मोजून ठरवा, माणसं मोजून नाही. आमचा पोरगा पुढच्या महिन्यात मालवण-सिंधुदुर्ग काढतोय. त्याच्या नव्या कागदावर अजून तिथी नाही. मी पेनाने लिहून दिली आहे.

चौकट शुक्रवारीच हवी, शनिवारी नको. शनिवारचा पेपर दारात पडतो तेव्हा गाड्या कुंभार्ली उतरलेल्या असतात.

आपली,
एक वाचक, विटा (जि. सांगली)