आधी घर, मग हॉटेल, मग शुल्क, मग कायदेशीर
नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, वाशीत आमच्या शेजारच्या रो हाऊसमधलं हॉटेल गेल्या आठवड्यात कायदेशीर झालं. इतके दिवस ते नोटिसा घेत होतं, आता 'वापर बदल' शुल्क, म्हणजे राहतं घर धंद्याला वापरायचं शुल्क, भरून पवित्र झालं आहे. सुनावणीत साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "रहिवाशांचं ऐकल्याशिवाय वापर बदल होणार नाही." त्यांनी शब्द पाळला. आमचं ऐकलं, चहा पाजला आणि सही केली.

परवानगी देणाऱ्या कार्यालयाचं नाव घेत नाही. घेतलं तर फाइल आणखी खाली जाईल.

तंदूरचा एक्झॉस्ट बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आहे. यजमानांची बायपास झालेली, डॉक्टर म्हणतात मोकळी हवा घ्या. कुठली घ्यायची? खिडकी लावून घेतली की घर भट्टी होतं आणि उघडली की कपड्यांना, उशांना, देवघरातल्या वस्त्रालासुद्धा तंदुरीचा वास. मागच्या मार्जिनच्या, म्हणजे नियमाने मोकळ्या ठेवायच्या, जागेत, जिथे एक वीटही रचायला आम्हाला परवानगी नव्हती, तिथे त्यांची सिलिंडरं उभी आहेत. मध्यरात्र उलटली तरी भांड्यांचा आवाज आणि बाइकींचे हॉर्न. (डिलिव्हरीवाल्या पोरांवर माझा राग नाही. बिचाऱ्यांना टेकायला ओटासुद्धा नाही.) आम्ही गॅलरीला ग्रिल बसवलं तेव्हा मात्र याच यंत्रणेचा माणूस टेप घेऊन हजर झाला होता!

दुकानांना माझा विरोध नाही. सेक्टरचे नकाशे काढणाऱ्यांनी शाळा, मैदान, बाजार आपापल्या चौकटीत बसवले, पण पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, शिंपी घराजवळच लागतात हे त्यांना पुरतं सुचलं नसावं. मग कुणी पुढच्या खोलीत शिवणयंत्र मांडलं, कुणी दवाखाना काढला. ते आम्हाला हवंच होतं. त्यामागून क्लास आले, ब्युटी पार्लर आलं, इस्टेट एजंट आले, आणि भाडं इतकं चढलं की गिरणी आणि शिंपी दोघंही उठले. आज आमच्या गल्लीत निम्म्याहून जास्त तळमजले धंद्याला दिलेले असतील. मोजत बसले नाही, पण संध्याकाळी दिवे पाहून कळतं. पाणी, गटार, पार्किंग सगळं चौघांच्या कुटुंबाच्या हिशेबाचं, आणि वापर शंभर गिऱ्हाइकांचा.

हे नवी मुंबई शहर कशासाठी वसवलं, ते मंत्रालयात कुणाला आठवतं का? १९६५च्या सुमारास वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये ते वसवायला सिडको ही सरकारी कंपनी झाली. ९५ गावांच्या परिसरात, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरवर, एकच मोठं केंद्र न करता अनेक नोड, म्हणजे छोटी उपनगरं, वसवायचे, घर आणि काम जवळजवळ ठेवायचं, मुंबईचा भार हलका करायचा. सरकारी कचेऱ्या इकडे येणार होत्या. भायखळ्याची भाजी आली, क्रॉफर्ड मार्केटची फळं आली, कांदा-बटाटा आला. मंत्रालय काही आलं नाही! बेलापूरला कोकण भवन दिलंत आणि स्वतः नरिमन पॉइंटलाच बसलात, जिथे त्याच काळात समुद्रात भर घालून टॉवर उठत होते. बटाट्याला जे जमलं ते सरकारला जमलं नाही. ज्या शहरात तुम्हाला राहायचं नाही, त्याचे नियम तुम्ही इतक्या सहज वाकवता यात नवल ते काय?

आणि ज्यांच्या जमिनीवर हे सगळं उभं आहे ती माणसं? जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी या भूसंपादनाविरुद्ध उभे राहिले, तेव्हा गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्यानंतर आली. गावठाणातल्या माणसाने वाढत्या कुटुंबासाठी मजला चढवला की ते अतिक्रमण. रो हाऊसवाल्याने भटारखाना काढला की तो 'वापर बदल'. एकाच्या दारात बुलडोझर येतो, दुसऱ्याला पावती मिळते. शुल्क भरायची ऐपत म्हणजेच नियोजन असेल तर आराखड्याचा आणि हरकती-सूचनांचा खर्च तरी वाचवा, थेट दरपत्रक लावा. आम्हीसुद्धा पैसे जमवून शांतता विकत घेऊ, जीएसटीसह.

मागणं फार नाही. तो एक्झॉस्ट छतावर न्यायला लावा आणि सिलिंडरं हलवा. प्रत्येक सेक्टरमध्ये किती घरांचा वापर बदलला, किती शुल्क घेतलं आणि त्यातलं त्या गल्लीच्या गटारावर किती खर्चलं, हे जाहीर करा. अरुंद गल्लीत भटारखान्याला परवानगी देण्याआधी भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याची लेखी संमती घ्या. चहा नको.

आणि एक. हे पत्र 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' म्हणून त्याच कार्यालयाकडे पाठवू नका. मागची तिन्ही तिथेच गेली आणि ज्यांनी सही केली त्यांनीच ती निकाली काढली.

आपली,
वाशीतील एक ज्येष्ठ रहिवासी