जंजिऱ्याचा इतिहास पाऊण तासात उरकू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होड्यांसाठी रांगा लागतात आणि त्या गर्दीच्या बातम्या आपल्या अंकात येतात. मात्र जंजिऱ्यात पाऊल टाकल्यावर पर्यटकाच्या कानावर नेमके काय पडते, याची चर्चा क्वचितच होते, म्हणून हे पत्र.

सर्वसाधारणपणे होडीतल्या सगळ्यांना मिळून एक माहितगार मिळतो आणि साधारण पाऊण तासात परत फिरायचे असते. तेवढ्या वेळात किल्ला 22 एकरांचा, बुरूज 22, बांधायला वर्षेही 22, असा पाढा म्हटला जातो. बुरुजांचा आकडा ठिकठिकाणी वेगळा छापलेला आहे, याची कोणाला फिकीर नसते. मग समुद्राखालून राजपुरीला निघणारे भुयार येते आणि भर उन्हातही न तापणारी कलालबांगडी तोफ येते. प्रवेशद्वाराजवळचे, पंजांत हत्ती धरलेल्या शार्दूलाचे शिल्प म्हणजे सिद्दीने शत्रूंना दिलेले आव्हान, असेही ठासून सांगितले जाते. वास्तविक अशी शिल्पे दख्खनच्या अनेक किल्ल्यांवर आहेत आणि त्यांतल्या कित्येकांचा सिद्दींशी काडीचाही संबंध नाही. यात दोष त्या माहितगारांचा आहे असे मी मानत नाही. माणशी थोडे पैसे आणि पुढची होडी पकडण्याची घाई असेल, तर कोणीही पाठ केलेलेच बोलेल.

गेल्या हिवाळ्यात आम्ही कुटुंबीयांनी राजपुरीच्याच एका जाणकार गृहस्थांना दिवसभरासाठी सोबत घेतले, तेव्हा यातला फरक कळला. त्यांनी आधी किल्ल्याकडे नेलेच नाही. खोकरीचे घुमट दाखवले, सिद्दी सुरुलखानाच्या कबरीपाशी थांबवून आफ्रिकेतून आलेले हे लोक निजामशाहीच्या चाकरीतून दर्यावर्दी सत्ताधीश कसे झाले, ते सांगितले. या बेटावर आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता आणि तो रामा पाटलाचा होता, ही गोष्ट तर त्यांनी घरातली आठवण सांगावी तशी सांगितली. दर्यातून जाताना मुख्य दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत तटाच्या वळणात दिसतच नाही, हे त्यांनी होडी थोडी लांब थांबवून पटवून दिले. कलालबांगडीपाशी ते एवढेच म्हणाले, ‘‘हात लावून बघा.’’ आमच्या चिरंजीवांनी लावला आणि लगेच काढूनही घेतला.

लाय पाटलांचे नाव मला त्याच दिवशी नीट कळले. मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावण्याचे धाडस या कोळी सरदाराने केले. कुमक वेळेवर न पोहोचल्याने बेत फसला, तरी शिवाजी महाराजांनी त्यांना पालखीचा मान देऊ केला आणि तो त्यांनी नम्रपणे नाकारल्यावर ‘पालखी’ नावाचे गलबत दिले, अशी परंपरा आहे. समोर कासा बेटावरचा पद्मदुर्ग दिसत असताना आणि संभाजी महाराजांनी 1682 च्या सुमारास राजपुरीच्या बाजूने खाडीत दगडांची भर घालण्याचा घाट कुठे घातला, ती दिशा कोणी बोटाने दाखवत असताना हे ऐकणे वेगळे असते. पाऊण तासात ते बसत नाही.

पुरातत्त्व आणि पर्यटन या दोन्ही खात्यांना विनंती अशी की, राजपुरी-मुरूडच्या कोळी, सिद्दी आणि इतर कुटुंबांतील इच्छुकांना रीतसर प्रशिक्षण व ओळखपत्र द्यावे, दिवसाचे व अर्ध्या दिवसाचे दर धक्क्यावर ठळकपणे लावावेत आणि मार्गदर्शक सोबत घेणाऱ्यांना सकाळच्या फेरीत किल्ल्यावर अधिक वेळ थांबू द्यावे. गर्दीचे कारण पुढे केले जाईल. पण सकाळची पहिली फेरी तुलनेने रिकामी असते. प्रशिक्षणात दंतकथा गाळण्याचा हट्ट नसावा. भुयाराची गोष्टही सांगावी, फक्त ती गोष्ट म्हणून सांगावी आणि मेढेकोटापासून 1948 मधील संस्थान विलीनीकरणापर्यंतचा क्रम मात्र पक्का असावा. होडीवाल्यांच्या पोटावर पाय येऊ नये, यासाठी त्यांच्या संस्थांना यात आधीपासूनच बरोबर घ्यावे लागेल. पावसाळ्यात होड्या बंद असतात. वर्ग भरवायला तेच महिने सोयीचे आहेत.

आपला,
एक वाचक, अलिबाग