माकडतापाची तयारी काजू मोहोरण्याआधी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडू लागली की आमच्या दोडामार्ग तालुक्यात काजूच्या मोहोराकडे डोळे लागतात आणि त्याच सुमारास माकडतापाची, म्हणजे माकडांच्या अंगावरील गोचीड चावल्याने माणसाला होणाऱ्या तापाची, धास्तीही सुरू होते. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा आजार २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात पाली येथे आणि २०१६ मध्ये आमच्याकडील केर गावात आढळला. पुढच्या वर्षी बांदा परिसराला त्याचा मोठा तडाखा बसला. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, म्हणजे नेमका आमचा काजूचा हंगाम.

आरोग्य खाते काहीच करत नाही, असे मी म्हणणार नाही. आशाताई घरोघरी तापाची चौकशी करतात, गोचिड्या दूर ठेवण्यासाठी अंगाला लावायचे डीएमपी तेलही वाटले जाते. परंतु माझ्या अनुभवात ही धावपळ गावात पहिला रुग्ण सापडल्यावर सुरू होते. वास्तविक या आजाराची सूचना माणसाला ताप येण्याआधीच मिळू शकते. माकड किंवा वानर या तापाने मेले की त्याच्या अंगावरील गोचिड्या उतरून भोवतालच्या पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांत, पसरतात आणि त्याच पातेऱ्यात वाकून बाया बोंडू व बिया वेचत असतात. त्यामुळे मेलेले माकड वेळेवर कळवणे आणि त्या जागेवर तातडीने गोचीडनाशक भुकटी मारणे, हीच खरी पूर्वतयारी होय.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बागेच्या कडेला एक वानर मरून पडले होते. मी एका कार्यालयाला फोन केला, त्यांनी दुसरे सुचवले, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडेच बोट दाखवले. तिसऱ्या दिवशी माणसे आली तेव्हा कुत्र्यांनी फारसे काही शिल्लक ठेवले नव्हते. मग नमुना कसला घेणार? तोवर मजुरांना त्या बाजूला जाऊ न देणे एवढेच माझ्या हाती होते. बुडालेली मजुरी मी दिली, पण प्रत्येक बागायतदाराला ते परवडेल असे नाही.

तेलाचीही तीच गत. बाटली मिळते, पण ते घामाने निघून जाते व काही तासांनी पुन्हा लावावे लागते, हे कोणी नीट सांगत नाही. माझ्याकडे कामाला येणाऱ्या एका बाईने गेल्या वर्षीची सीलबंद बाटली मला फळीवरून काढून दाखवली. जुनी लस पुरेशी परिणामकारक नसल्याने २०२२ मध्ये बंद झाली आणि नवी अद्याप गावापर्यंत आलेली नाही. अशा स्थितीत तेल, अंगभर कपडे आणि घरी परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ यांवरच आमची भिस्त आहे.

म्हणून आरोग्य, वन व पशुसंवर्धन या तिन्ही खात्यांनी मिळून नोव्हेंबरच्या ग्रामसभेत एकच फोन क्रमांक जाहीर करावा आणि तो उपकेंद्राच्या भिंतीवर, रेशन दुकानात व काजू खरेदीच्या काट्याजवळ रंगवावा. फोन आल्यावर किती तासांत कोण येणार, हेही त्याखाली लिहावे. ताप आलेल्या माणसाचे रक्त तपासणीला गेल्यावर अहवाल त्याच्या घरी कोण कळवणार, तेवढेही त्याच सभेत ठरून जावे.

आपला,
एक काजू बागायतदार,
दोडामार्ग तालुका, जि. सिंधुदुर्ग