गवताची विक्री वजनावर व्हावी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घोडबंदर रस्त्यालगत कासारवडवलीत माझा तीन घोड्यांचा तबेला असून लग्नाच्या वरातींवर आमचे घर चालते. सुक्या गवताच्या बेभरवशाच्या भावाने आम्हा घोडेमालकांची जी ओढाताण होते, ती आपल्या दैनिकातून मांडू इच्छितो.

मुरबाड, शहापूर, वाडा या भागांतील माळांवरचे गवत पाऊस सरल्यावर कापून, वाळवून गंजी रचल्या जातात आणि तेव्हाच ते सर्वांत स्वस्त मिळते. परंतु चातुर्मास नुकताच संपलेला असल्याने चार महिने वरातीविना बसलेल्या आमच्या हातात त्या वेळी पैसा नसतो, आणि असला तरी शहरात गंज रचायला कोरडी जागा कोठून आणायची? परिणामी आम्ही आठवड्याच्या हिशेबाने गवत घेतो आणि भर पावसाळ्यात, कमाई बंद असताना, सर्वांत महाग घेतो. निदान मे अखेरीस थोडी बेगमी करता येत असे. 2025 साली तेही हुकले. एरवी 11 जूनच्या सुमारास मुंबईत येणारा मोसमी पाऊस 26 मे रोजीच दाखल झाला आणि आमच्याकडे निघालेले गवत गाडीतच भिजून काळे पडले.

असे गवत म्हशीपुढे टाकणारे आहेत, घोड्यापुढे टाकणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. घोड्याला ओकता येत नाही. बुरशीचा चारा पोटात गेला की पोटशूळ उठतो आणि जनावर रात्रभर लोळत राहते. पेंढ्यावर भागवा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण नुसत्या भाताच्या पेंढ्यात कस नसतो आणि चारा एकाएकी बदलला तरी दुखणे तेच. साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सहा किलोच्या आसपास सुके गवत लागते, त्यात काटकसर करता येत नाही.

महागाईपेक्षाही, आपण नेमके किती गवत घेतले हेच कळत नाही, याचा मनस्ताप अधिक आहे. गवत भाऱ्यावर विकले जाते. मागील महिन्यात एकाच वखारीतून एकाच भावाने आणलेले दोन भारे मी काट्याला टांगले, तर एक चौदा किलोंचा भरला आणि दुसरा दहाचा; शिवाय दुसऱ्याची दोरी सोडल्यावर मधल्या पेंढ्या ओल्या आणि हाताला चक्क गरम लागल्या. वखारवाल्याचे म्हणणे असे की, त्यालाही माल भाऱ्यांवरच येतो आणि गवताची गाडी वजनाआधी उंचीनेच भरत असल्याने भाडे अंगावर पडते. ते मला मान्य आहे. मात्र त्यासाठी काटा नको, हे पटत नाही.

वाशीच्या बाजार समितीत कांदा-बटाट्यापासून मसाल्यापर्यंत पाच बाजार आहेत आणि त्यांचे भाव वृत्तपत्रांतून वाचायला मिळतात. आपण आठवड्यातून एकदा सुक्या गवताचा क्विंटलचा भाव छापावा आणि वैधमापन विभागाने वखारींतून वजनावर विक्री होईल असे पाहावे, ही विनंती. तसेच महापालिकेने दिवाळीनंतर एखादी रिकामी शेड गवत साठवण्यासाठी भाड्याने द्यावी. भाडे आम्ही घोडेमालक मिळून भरू.

कळावे,
आपला नम्र,
एक घोडेमालक, कासारवडवली, ठाणे (प.)