‘सगळेच घेतात’ म्हणजे किती जण?

प्रिय बाबू,

अनेक आशीर्वाद.

परवा बोलता बोलता तू म्हणालास की हॉस्टेलवर सगळेच घेतात. कुणी बिअर, कुणी सिगारेट, एखाददुसरा त्याच्याही पुढचं. तू घाबरून नाही सांगितलंस, तक्रारही नव्हती. पण तुझ्या आवाजात एक एकटेपणा होता, तो मला ऐकू आला. म्हणून आज लसीकरणाचं रजिस्टर बाजूला ठेवून हे लिहिते आहे. फोनवर इतकं बोलणं होत नाही.

सगळेच म्हणजे किती, हे मला विचार. आरोग्य उपकेंद्रातलं माझं काम मोजण्याचं आहे. केंद्र सरकार काही वर्षांनी घरोघरी जाऊन राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करतं. त्याची पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली. त्यात महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी दारू पितो म्हणणारे निघाले १३.९ टक्के. बायकांमध्ये ०.४ टक्के. म्हणजे शंभर पुरुष रांगेत उभे केले तर पिणारे चौदा, न पिणारे शहाऐंशी. देशाचा पुरुषांचा आकडा १८.८ आहे, आपलं राज्य त्याच्याही खाली.

तू म्हणशील, लोक खरं कुठे सांगतात? बरोबर आहे. दारात वही घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला कोण सांगेल, आणि तेही घरातली माणसं ऐकत असताना? मी स्वतः रोज ते बघते. पण समज, निम्म्यांनी लपवलं. चौदाचे अठ्ठावीस कर. तरी बहात्तर उरतात. कितीही ओढूनताणून त्याचं ‘सगळे’ होत नाही. पुण्यातली कॉलेजची मुलं राज्याच्या सरासरीसारखी नसतात हेही मला मान्य आहे. म्हणून एक कर. एखाद्या शनिवारी रात्री तुमच्या मजल्यावरच्या खोल्या मोज. ज्या खोलीत आवाज आहे ती एक, आणि ज्या बंद दारांमागे मुलं झोपलीत, घरी बोलतायत, असाइनमेंट पुरी करतायत त्या बाकीच्या. पिणारे एकत्र बसतात, मोठ्यानं बोलतात, दुसऱ्या दिवशी त्याचे किस्से सांगतात. न पिणाऱ्याला सांगण्यासारखं काही नसतंच. त्यामुळे तो कुणाला दिसत नाही, आणि तुझ्यासारख्या दुसऱ्या न पिणाऱ्यालाही वाटत राहतं की आपण एकटेच.

आणखी एक. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ लागतं आणि कडक दारूसाठी २५. तुमच्या फर्स्ट इयरच्या वर्गात कायद्यानं बाटली विकत घेऊ शकेल असा मुलगा जवळजवळ नसेलच.

सिगारेटचंही तेच. २०१६-१७ मध्ये प्रौढांच्या तंबाखूसेवनाची जी मोठी पाहणी झाली, त्यात राज्यात तंबाखू घेणारे २६.६ टक्के होते. पण त्यात विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी जवळजवळ सगळी तंबाखू तोंडात ठेवायची, चघळायची: २४.४ टक्के (काही जण दोन्ही घेतात). कॉलेजच्या गेटवरच्या टपरीपाशी उभं राहिलं की वाटतं आख्खं जग धूर काढतंय, आणि राज्यात शंभरातले चारसुद्धा ओढत नाहीत. सात वर्षं आधीच्या पाहणीत एकूण आकडा ३१.४ होता. म्हणजे तो खाली आलाय. माणसं सोडतात, बाबू. सोडणारे पुष्कळ असतात, फक्त त्यांची चर्चा होत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचं. इथे मात्र मी तुला आकडे दाखवून निर्धास्त करू शकत नाही. त्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण राज्यात सर्वात जास्त निघालं ते गडचिरोलीत, एक तृतीयांशाच्या आसपास. आणि आपल्याकडे १९९३ पासून दारूबंदी आहे! तुझे पुण्याचे मित्र हे ऐकून हसतील. हसू देत, पण तू त्यांच्यात हसू नकोस, कारण तुझी आजी त्या बंदीसाठी रस्त्यावर उतरलेली बाई आहे. मी तेव्हा शाळेत होते. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग, गावोगावच्या संघटना, महिला मंडळं, सगळ्यांनी मिळून कित्येक वर्षं रेटा लावला तेव्हा सरकारनं ऐकलं. आजी आणि तिच्यासारख्या बायकांना आकडेवारी माहीत नव्हती. मजुरीचे पैसे घरी येण्याआधी कुठे जातात हे माहीत होतं.

मग बंदी फसली का? मला विचारशील तर नाही. पण एकटा कायदा पुरत नाही, हे मी माझ्या उपकेंद्राच्या गावांतच बघते. एका गावात बायकांची समिती जागी आहे, ग्रामसभा ठराव करते आणि पाळते. आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला दारूबाबत अधिकार दिलेत, ते त्या लोकांनी खरोखर वापरले. तिथे रात्री शांतता असते. पाच किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात मोहाचा सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेली मोहफुलं, कुठे पुरलाय हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. कायदा तोच, जिल्हा तोच, माणसं एकमेकांचे सोयरे. फरक इतकाच की एकीकडे मिळते आणि दुसरीकडे मिळत नाही. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या जिल्ह्यातल्या व्यसनमुक्तीच्या उपक्रमाचं काम याच धाग्यावर चाललंय: गावानं विक्री थांबवायची, आणि ज्याला सोडायची आहे त्याला तालुक्याला उपचार मिळायचे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. त्यावर लोक अजून भांडतात. माझं मत तुला माहीत आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

त्या एक तृतीयांशाबद्दल एक गोष्ट मात्र समजून घे, तू इंजिनिअर होणार आहेस. त्या आकड्यात पितो की नाही एवढंच धरतात. लग्नात, पंडुमच्या सणाला एखादा पेला घेणारा गोंड म्हातारा आणि सकाळी उठल्याउठल्या हात थरथरतात म्हणून पिणारा तरुण, दोघांची त्यात एकच खूण. पहिल्यासाठी मोहाचं झाड देवाचं आहे, दुसऱ्याला दवाखाना हवाय. आमचा आशाताईंचा फॉर्म उलटा आहे. तीस वर्षांवरच्या माणसाला त्यात विचारतात, रोज दारू घेता का? ‘कधीमधी’वाला त्यात येतच नाही. म्हणून कुणी आकडा फेकला की आधी विचारायचं, प्रश्न काय होता.

आणि खर्रा. पुण्यात तुला खर्रा शब्द समजावून सांगावा लागतो म्हणालास. इथे तो समजावून न सांगता लहान पोराच्या हातात येतो. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत (प्लास्टिकच्या कागदात) घालून घोट घोट घोटायचा. दुकानात जाण्याचीही गरज नाही, पाहुणा आला की पाण्याच्या तांब्यामागून पन्नी पुढे येते. इथे दारूपेक्षा मला खर्ऱ्याची भीती जास्त वाटते, कारण दारू पिणाऱ्याला घरचे निदान बोलतात. खर्ऱ्याला कुणी व्यसनच समजत नाही. बायका खातात, गरोदरपणात खातात, मग बाळ अडीच किलोच्या खाली भरतं आणि सासू म्हणते सून जेवत नव्हती. छत्तीसगडच्या बाजूला गुडाखू दातांना घासतात, पश्चिम महाराष्ट्रात मशेरी. रूपं वेगळी, तंबाखू तीच. राज्यात १०.९ टक्के बायका तंबाखू घेतात असं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, पुरुष ३३.८. दारूत पुरुषांचं प्रमाण बायकांच्या जवळजवळ पस्तीसपट आहे बघ, आणि तंबाखूत ते फक्त तिप्पट. ज्याला समाज नावं ठेवत नाही ते बायकांपर्यंत पोचतं.

मोठ्या मामाचं तोंड आता नीट उघडत नाही. आम्ही तपासणीत सांगतो, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. तीन गेली तर ठीक. मामाची दोन जात नाहीत. भाकर कुस्करून खातो, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं. गालाच्या आतली कातडी दोरीसारखी ताठ होते, आणि ते मुख्यतः सुपारीनं होतं. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा ते करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली सुपारीलाच कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलंय. तेव्हा ‘यात तंबाखू नाही, नुसती मसाला सुपारी आहे’ असं म्हणत कुणी पुडी पुढे केली तर हे लक्षात ठेव. गुटखा २०१२ पासून राज्यात बंद आहे, तरी पुड्या कुठून येतात हे तुला आणि मला दोघांना माहीत आहे. मामा आता सोडून बसलाय, त्यानं कॅन्सरचा धोका कमी होतो, पण तोंड पूर्वीसारखं उघडत नाही. आरशासमोर उभा राहून तूही एकदा तीन बोटं घालून बघ. शिवाय गालात, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा नाही ना, तेही. आईच्या समाधानासाठी.

मामा कमकुवत मनाचा नव्हता. नांगरणीत त्याच्या बरोबरीनं चालणारा गावात कुणी नव्हता. तो जिथे जन्मला तिथे पन्नी हाताशी होती, एवढंच. तू जिथे आहेस तिथे दुसरं काही हाताशी आहे. म्हणून मी तुला ‘मन घट्ट ठेव’ असं नुसतं सांगत नाही. संध्याकाळी कुणाबरोबर बसतोस, पैसे कशासाठी काढले जातात, हे बघ. पहिला घोट कुणी अनोळखी माणूस देत नाही. देतो तो मित्रच असतो, आणि प्रेमानंच देतो.

‘त्याच्याही पुढचं’ म्हणालास ते एमडी असेल तर मला स्पष्ट लिही. मेफेड्रोन. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी दौंडजवळ कुरकुंभच्या कारखान्यात बनलेला हजारो कोटींचा साठा पकडला, तेव्हा इथल्या वर्तमानपत्रातही पहिल्या पानावर होतं. तुझं कॉलेज तिथून किती लांब आहे हे मी त्या दिवशी नकाशावर बघितलं. ते घेतलं की रात्रभर झोप येत नाही, भूक मरते, छाती धडधडते, आणि उतरलं की पुन्हा घ्यावंसं वाटतं. त्या गोळ्या-पावडरीत काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कायदा फार कडक आहे, पण त्यातही एक दार आहे: थोडा माल बाळगल्याचा किंवा सेवनाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला आणि उपचार पुरे केले, तर त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. हे पुष्कळ मुलांना माहीत नसतं, म्हणून ती लपून राहतात आणि खोल जातात.

आता तुझ्या खोलीतल्या त्या मुलाबद्दल. तू म्हणालास, तो रोज घेतो, सकाळी त्याचे हात थरथरतात, आणि परीक्षेआधी एकदम सोडायचं म्हणतो. त्याला एकदम सोडू देऊ नकोस. रोज पिणाऱ्यानं अचानक थांबवलं की दोन-तीन दिवसांत घाम, थरकाप, फिट, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. हे डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचं असतं, काही दिवस औषधं लागतात. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. पुण्यात पोरं गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) मागे लागली होती त्या काळात ते उभं राहिलं, आणि तुझ्या मित्रासारखी मुलं तिथून बरी होऊन गेलीत. १४४४६ हा सरकारी नशामुक्तीचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत. तंबाखू सोडायची असेल त्याच्यासाठी १८००-११-२३५६. दोन्ही नंबर त्याच्या फोनमध्ये तू स्वतः सेव्ह करून दे. तो करणार नाही.

देशात २०१९ साली सरकारनं एम्सकडून जी पाहणी करून घेतली, तिच्यात दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळाला होता. बाकीचे सदतीस नालायक होते म्हणून नाही राहिले. त्यांना कुणी सोबत घेऊन गेलं नाही. तू जा त्याच्याबरोबर. एक लेक्चर बुडलं तर बुडू दे. त्याच्या घरी सांगायचं की नाही हे त्यालाच ठरवू दे, पण फिट आली, असंबद्ध बोलायला लागला, तर विचारत बसू नकोस, रिक्षा कर आणि कॅज्युअल्टीला ने.

त्याला माझा नंबर दे. सकाळी मी गावात फिरतीवर असते, दुपारी दोननंतर उपकेंद्रात रेंज मिळते. मराठी समजत नसेल तर हिंदीत बोलेन.

तुझी,
आई