एकवीस दिवसांच्या सुईसाठी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल, पण आपला ताफा काही पारडीकडे वळणार नाही. म्हणून हे पत्र.

मी तिथल्या एका शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलीला जिना चढताना धाप लागायची. आईला विचारलं, तर मागच्या वर्षी आधी घसा धरला होता म्हणाली. पुढे गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा, मग मनगट. वाढीचं दुखणं समजून घरच्यांनी तेल चोळलं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावताच वेगळा आवाज ऐकला आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर कळलं की हृदयाची मायट्रल झडप गळते आहे.

हा संधिवाताचा ताप, बहुधा 5 ते 15 वर्षांच्या लेकरांना होणारा. स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा बिघडला की दोन-तीन आठवड्यांनी शरीराचीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. सांधे बरे होतात, झडपेवर मात्र कायमचा व्रण राहू शकतो. घसा पुन्हा तसाच बिघडला, तर झडप आणखी खराब होते. ते टाळायला दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनची सुई घ्यावी लागते. झडपेला इजा असेल, तर अनेकदा चाळिशीपर्यंत.

आणि ही सुई घराजवळ कुणी टोचत नाही! ‘रिअ‍ॅक्शन आली तर?’ म्हणून जवळच्या दवाखान्याने मायलेकींना परत पाठवलं. भीती अगदीच खोटी नाही, पण अशी रिअ‍ॅक्शन क्वचित येते. ट्रेमध्ये रिअ‍ॅक्शन आवरणारं अ‍ॅड्रिनलिन हवं, सुईनंतर अर्धा तास बसवून ठेवायला हवं. झडप फारच बिघडलेल्यांना सुईऐवजी गोळ्या द्यायच्या की नाही, ते हृदयतज्ज्ञ ठरवतील. बाकीच्यांना मोठ्या इस्पितळात का धाडायचं? आईची रोजी बुडते, मग तीन आठवड्यांचे पाच होतात.

झडप बदलायची वेळ आली, तर महात्मा फुले योजना आहे. लाखांचा खर्च सरकार उचलतं. धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, वरचेवर रक्ततपासणी, आणि ही मुलगी उद्या गरोदर राहिली तर तीच गोळी बाळाला घातक. इतकं होईपर्यंत थांबायचं कशाला?

शहरातले छोटे दवाखाने महापालिकेचे, मेडिकल-मेयो ही मोठी सरकारी इस्पितळं वैद्यकीय शिक्षण खात्याची, गावातली आरोग्य केंद्रं तुमची. दुखणं एकच, साहेब तीन! तिघांनी मिळून एक परिपत्रक काढावं: प्रत्येक केंद्रात आठवड्यातून एक ठरलेला वार, औषध आणि अ‍ॅड्रिनलिन हजर, रुग्णाच्या हाती तारखांचं कार्ड. शाळांत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वजन-उंची घेतंच, त्यांनी प्रत्येक मुलाच्या छातीला स्टेथोस्कोपही नीट लावावा. तारीख चुकलेल्यांची यादी आशाताईंकडे जावी. मात्र त्या कामाचा मोबदला त्यांना वेगळा द्या.

या अधिवेशनात परिपत्रक निघालं, तर पारडीतला वार कोणता, तेवढं आमच्या शाळेला कळवावं.

आपली,
एक शिक्षिका, पारडी, नागपूर