काकू, त्या झाकलेल्या वाटीसाठी

प्रिय काकू,

चिपळूणला घरी येऊन तीन आठवडे झाले. काल आईने ताटात दुधीची भाजी वाढली आणि माझे डोळे भरून आले. तिला वाटलं, पोट पुन्हा बिघडलं. मग तुमच्याबद्दल सांगत बसले आणि जेवण तासभर लांबलं. हे तुम्हालाही लिहायचं आणि चारचौघांनी वाचावं असं लिहायचं, हे तेव्हाच ठरवलं.

नागपुरातला तो माझा पहिला उन्हाळा. पारा ४५ च्या वर, आणि माझं खाणं म्हणजे सकाळी ऑफिसखाली तर्री पोहे, दुपारी भूक नाही म्हणून तुमच्या खानावळीत ताट अर्धंच ठेवून वर थंडगार कोल्ड्रिंक, रात्री दहानंतर सगळ्यांबरोबर झणझणीत सावजी. छातीत जळजळ, तोंडाला चव नाही, पोट साफ नाही. एका डॉक्टरांनी मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्यांनी सोनोग्राफी करायला लावली, त्यात काही निघालं नाही, तर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. तू काय खातेस, किती वाजता खातेस, एवढं दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

विचारलंत तुम्ही. "काहून वं पोरी, चार दिवस झाले ताटात अर्धं ठेवून राहिली तू. दिवसभर काय खात असते, ते सांग पहिले." मी सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. "जाळ मंद असला का चुलीत मोठं लाकूड नाही टाकत," एवढंच म्हणालात. अंग गार ठेवायला उन्हाळ्यात रक्त त्वचेकडे जास्त वळतं, त्यात पोटावर तेला-तिखटाचा भार नको, हे मी नंतर वाचलं. तुमचं वाक्य त्याआधीच पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या जागेवर एक वाटी होती, वर ताटली झाकलेली. आत दुधीची भाजी, नुसती जिऱ्याची फोडणी. मोठ्या पातेल्यात मसाला पडायच्या आधी माझ्यापुरती बाजूला काढलेली. पस्तीस माणसांचा स्वयंपाक, मे महिना, गॅससमोर तुम्ही घामाने निथळताय, आणि त्यात एका पोरीची वाटी लक्षात ठेवायची. कधी दोडका असायचा, कधी मुगाची पातळ खिचडी. तुम्ही कुणाला काही सांगितलं नाहीत, मला चारजणांत आजारी ठरवलं नाहीत, महिन्याच्या पैशात एक रुपया वाढवला नाहीत. ती ताटली उचलताना रोज वाटायचं, या अनोळखी शहरात माझी कुणीतरी वाट पाहतंय.

आंबील नंतर आली. ज्वारीचं पीठ रात्रभर ताकात आंबवलेलं, वर ठेचलेला लसूण. पहिल्या घोटाला मी तोंड वाकडं केलं होतं, आठवतंय ना? नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला तोवर मी दुसरा पेला मागत होते. फ्रिजचं पाणी सुटलं, माठाचं सुरू झालं. रात्रीचं जेवण आठला. तो महिना संपेपर्यंत गोळ्यांची पाकिटं कपाटात तशीच पडून राहिली.

दुसऱ्याच्या ताटाकडे लक्ष जाणं ही साधी गोष्ट नाही, काकू. पैसे घेऊन जेवू घालणारे पुष्कळ असतात. ताटात काय उरलं ते बघणारं माणूस भेटायला नशीब लागतं. मला ते घरापासून इतक्या लांब भेटलं.

सोबत आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली पाठवते आहे, आमच्या परसातल्या रातांब्यांचं. आमच्याकडे उन्हाळ्यात जेवणानंतर हेच. एका पेल्याला दोन चमचे पुरे. त्यात मीठ आधीच आहे, वरून घालू नका. आणि पस्तीस जणांना वाटत बसू नका, स्वतःसाठी बाजूला काढून ठेवा.

तुमची,
खिडकीजवळ बसणारी चिपळूणची पोरगी